सुपरकार पहिल्यांदा चालवताना: मारानेलोतल्या वीस मिनिटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीच्या कामासाठी मी इटलीत बोलोन्याला आठवडाभर होते. मधला एक रविवार मोकळा मिळाला. तो मी फेरारीच्या गावी, मारानेलोला घालवला आणि तिथे फेरारी ४५८ इटालिया वीस मिनिटं चालवली. परत आल्यापासून घरचे, कारखान्यातले, सोसायटीतले, भाच्याचे मित्र, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. जाण्यापूर्वी मलाही हेच प्रश्न होते आणि मराठीत नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. मी चाकणला गिअरबॉक्सच्या जोडणीवर काम करते, त्यामुळे काही उत्तरांत यंत्राविषयी जरा जास्त येईल. ते वगळून हा अनुभव सांगता येईल असं मला वाटत नाही.

सुपरकार म्हणजे नेमकी कोणती गाडी?

ठरलेली व्याख्या नाही. बहुतेक जाणकार १९६६ च्या लँबोर्गिनी मिउरापासून सुरुवात धरतात. तोवर रस्त्यावरच्या ताकदवान गाड्यांचं इंजिन बहुधा पुढे बॉनेटखाली असायचं. मिउरात बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलं होतं. ही गाडी काढणारे फेरुच्चो लँबोर्गिनी मुळात ट्रॅक्टरवाले. त्यांनी गाड्यांची कंपनी काढली १९६३ साली, मारानेलोपासून फार लांब नसलेल्या सान्त'आगाता गावात.

माझ्यापुरती ओळख सोपी आहे. दोनच सीट, त्यांच्या पाठीमागे इंजिन, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, आणि रस्त्यावर चालवायची कायदेशीर परवानगी. डिकी, मागची सीट, उंची, स्टेपनी हे सगळं त्यापुढे सोडून दिलेलं. ४५८ मध्ये स्टेपनी नाही, पंक्चरचं किट मिळतं. सामान पुढच्या बॉनेटखाली ठेवायचं.

त्यासाठी इटलीला कशाला जायचं? मुंबईत शोरूम आहेत की.

आहेत. पण तिथली टेस्ट ड्राइव्ह गाडी खरंच घेणार आहेत त्यांच्यासाठी असते, आणि ते बरोबरच आहे. मी गाडी घेणार नव्हते. मला फक्त समजून घ्यायची होती.

मारानेलोत पैसे भरून चालवायला मिळते. मोदेनाच्या दक्षिणेला जेमतेम अठरा किलोमीटरवरचं हे छोटं गाव. कारखाना, संग्रहालय आणि कंपनीचा स्वतःचा फिओरानोचा ट्रॅक, सगळं हाकेच्या अंतरावर. फॉर्म्युला वनमध्ये फेरारी जिंकली की इथल्या चर्चची घंटा वाजते. संग्रहालयाच्या आजूबाजूला गाड्या भाड्याने देणाऱ्यांची दुकानंच आहेत. बाहेर लाल-पिवळ्या गाड्या ओळीने उभ्या, आत काउंटरवर दरपत्रक. मला ते आपल्याकडे देवळाबाहेर पूजेच्या साहित्याची दुकानं असतात तसं वाटलं. गावाचं सगळं अर्थकारण एका गोष्टीभोवती फिरतंय आणि गावाला त्याचा मनापासून अभिमान आहे.

बोलोन्याहून मोदेनाला रेल्वे, तिथून मारानेलोला बस. अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं, पण पूर्ण दिवस ठेवा.

खर्च किती येतो?

दहा मिनिटांचे दर साधारण शंभर युरोपासून सुरू होतात. गाडी जितकी नवी आणि ताकदवान, तितके वाढतात. पेट्रोल आणि शेजारी बसणारा माणूस बहुतेक ठिकाणी त्यातच धरलेले असतात. खरा विचारायचा प्रश्न विम्याचा आहे. गाडी घासली तर किती रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्या अंगावर येतं, आणि ते कमी करायला वेगळे पैसे भरावे लागतात का? सही करण्यापूर्वी हा आकडा कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. कॅमेऱ्याने पकडलं तर दंड चालवणाऱ्याने भरायचा, हेही त्या कागदावर असतं.

दहा मिनिटं घेऊ नका. पहिली सात-आठ मिनिटं हात-पाय सावरण्यात जातात. वीस हा माझ्या मते किमान वेळ आहे.

आपलं लायसन्स चालतं का?

सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून मिळतो, सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो, फी हजार रुपये आणि मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स आणि पासपोर्टही बरोबर हवा. वयाची आणि लायसन्स किती जुनं असावं याची अट प्रत्येक दुकानाची वेगळी असते, ती आधी मेलवर विचारून घ्या.

कपडे, चप्पल, उंची यांची काही अट?

अट नाही, सल्ला आहे. पातळ तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट घाला. जाड तळव्याच्या बुटातून ब्रेक कळत नाही. मी मुद्दाम जुने कॅनव्हासचे बूट नेले होते.

माझी उंची पाच फूट एक इंच. गाडी माझ्या छातीपर्यंत येते. सीट आणि स्टिअरिंग दोन्ही पुढे-मागे होतात, त्यामुळे पेडलपर्यंत पाय नीट पोचले. घाई करू नका. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आत शिरताना आधी बैठक, मग दोन्ही पाय उचलून आत. साडीतही जमेल, पण पँट बरी.

आत बसल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं?

आपण किती खाली आहोत ते. घोंगडीवर पाय पसरून बसावं तशी बैठक. शेजारून गेलेल्या साध्या मालवाहू टेम्पोचं चाक माझ्या डोळ्यांच्या रेषेत होतं.

दुसरी गोष्ट, पुढचं दिसतं. मला वाटलं होतं की एवढ्या चपट्या गाडीतून काही दिसणार नाही. पण बॉनेट समोर उतरत जातं आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकांवरचे उंचवटे वर आलेले दिसतात. चाक नेमकं कुठे आहे ते डोळ्याला कळतं. माझ्या रोजच्या गाडीत मला बंपर कुठे संपतो ते आजही अंदाजानेच ठरवावं लागतं. मागचं मात्र खरंच कमी दिसतं. आरशात निम्म्या भागात इंजिनच आहे.

समोर मधोमध पिवळ्या तबकडीवर मोठा काटा आहे, तो वेगाचा नाही, इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा. दहा हजारांपर्यंत आकडे आणि नऊ हजारांला लाल. वेगाचा आकडा उजवीकडच्या पडद्यावर. गाडी बनवणाऱ्यांना काय महत्त्वाचं वाटलं ते तिथेच समजतं. आणि इंडिकेटरची दांडी नाही. डावं-उजवं दाखवायची बटणं स्टिअरिंगवरच आहेत, वायपरही तिथेच. इटलीत दर किलोमीटरला एक गोल चौक येतो. त्यातून बाहेर पडताना उजवीकडचा इंडिकेटर द्यायचा, आणि त्या वेळी स्टिअरिंग वळलेलं असल्यामुळे बटणही जागेवरून हललेलं असतं. पहिले तीन चौक मी बटण शोधण्यात घालवले.

उजव्या बाजूने गाडी चालवायला भीती वाटली नाही?

वाटली, आणि ती वाटायलाच हवी. आपली सवय हातात मुरलेली असते. दुकानातून बाहेर पडताना माझा उजवा पाय शहाण्यासारखा वागत होता, पण डावा हात गिअरकडे गेला आणि दारावर आपटला. कारण आपल्याकडे गिअर डाव्या हाताला. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि गिअरचा दांडाच नाही.

गाडी १,९३७ मिलिमीटर रुंद. तुम्ही डाव्या टोकाला बसलेले. आपल्या सवयीप्रमाणे रस्त्याच्या मधल्या रेषेपासून अंतर ठेवायला गेलात तर गाडीची उजवी बाजू कडेच्या दगडांकडे सरकत जाते. शेजारी बसलेले गृहस्थ दोनदा हलकेच डावीकडे बोट दाखवत राहिले. माझा सल्ला असा: आदल्या दिवशी टॅक्सीत पुढच्या सीटवर बसा आणि चालक रेषेपासून किती अंतर ठेवतो ते बघत राहा. मी तसं केलं होतं, त्याचा उपयोग झाला.

शेजारी कोणी बसतं का? मोकळेपणा राहतो का?

बसतं, आणि तो माणूस फार महत्त्वाचा आहे. माझ्या शेजारी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. इंग्रजी थोडंच येत होतं. गावात शिरलो की म्हणायचे ‘पियानो, पियानो’, म्हणजे हळू हळू. पुढे मोकळा पट्टा आला आणि आरसे बघून झाले की ‘व्हाय’, म्हणजे चल. एवढ्या दोन शब्दांवर आमचं काम चाललं. प्रत्येक वळण, प्रत्येक कॅमेरा, कुठल्या घराच्या दारातून ट्रॅक्टर अचानक बाहेर येतो, हे त्यांना पाठ होतं.

पिकअप कसा आहे? पोटात गोळा येतो का?

हा प्रश्न सगळ्यांचा पहिला. कागदावरचं सांगते. ४५८ शून्यापासून शंभरला ३.४ सेकंदांत जाते. आपल्या साध्या हॅचबॅकला बारा-तेरा सेकंद लागतात. गणित केलं तर तेवढ्या वेळात तुमच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त जोराने पाठ सीटवर दाबली जाते. हॅचबॅकमध्ये पंचवीस टक्केही नाही.

मी उभ्या गाडीपासून शंभरपर्यंत गेले नाही. रस्ता सार्वजनिक होता. दुसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगावर असताना ‘व्हाय’ ऐकलं आणि पाय दाबला. पोटात गोळा आला का? नाही. आकाशपाळण्यात येतो तसा काही प्रकार नव्हता. मान मागे टेकली आणि पुढचं झाड होतं त्यापेक्षा खूप जवळ आलं. मला वाटलं होतं की ताकद एकदम अंगावर येईल, गाडी हिसका मारेल. तसं झालं नाही. पाय जेवढा दाबला तेवढंच मिळालं, निम्मा दाबला तर निम्मं. यात टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नाही, त्यामुळे पाय आणि चाक यांच्यामध्ये वाट बघणं नाही. ५७० अश्वशक्ती नऊ हजार फेऱ्यांवर मिळते, म्हणजे ताकद वर चढत चढत येते. आणि तिथपर्यंत पोचण्याआधीच नव्वदची मर्यादा आली.

किती वेगाने चालवली?

सगळ्यात जास्त ९०. इटलीत गावात ५० आणि बाहेरच्या साध्या रस्त्यावर ९० ही मर्यादा आहे. ही गाडी ३२५ ला जाते असं कंपनी सांगते. भाचा यावर फार नाराज झाला. पण ज्याला गाडी समजून घ्यायची आहे त्याला नव्वद पुरतात, हे मी पूर्ण विचार करून सांगते. पुढचे दोन प्रश्न त्यासाठीच वाचा.

मग सगळ्यात जास्त काय आवडलं?

ब्रेक. हे सांगितल्यावर लोकांचे चेहरे पडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मला गाडी आप्पांनी, म्हणजे वडिलांनी शिकवली, कराडजवळ आमच्या गावी, कमांडर जीपवर. ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात त्यांनी चुन्याची फकी टाकून एक रेघ ओढली. पहिले दोन दिवस एकच काम: पहिल्या गिअरमध्ये यायचं आणि पुढचं चाक त्या रेघेवर थांबवायचं. गचका न देता. बोनेटवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचे. जीपचा ब्रेक निम्म्यापर्यंत नुसता खाली जायचा, मग एकदम धरायचा. त्या निम्म्यापासून पुढे काय होतं ते पायाने शिकायचं होतं.

४५८ चा ब्रेक दाबल्याबरोबर सुरू होतो. मोकळा पल्लाच नाही. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचललात की गाडी ओळखते, आता ब्रेक लागणार, आणि पॅड तबकडीच्या अगदी जवळ नेऊन ठेवते. पाय पोचेपर्यंत तयारी झालेली असते. पुढची तबकडी ३९८ मिलिमीटरची, म्हणजे भाकरी थापायच्या काथवटीएवढी. ती लोखंडाची नाही, कार्बन-सिरॅमिकची. वजनाला हलकी, आणि तापली तरी पकड सोडत नाही.

शंभरवरून थांबायला या गाडीला ३२.५ मीटर लागतात. याचं गणित मी परतीच्या रेल्वेत तिकिटाच्या पाठीमागे मांडलं. सरासरी १.२ जी येतं, म्हणजे तुमच्या वजनाच्या १.२ पट जोर. म्हणजे शंभरला जाताना गाडी तुम्हाला जेवढ्या जोराने मागे ढकलते, त्याच्या जवळजवळ दीडपट जोराने थांबताना सीटबेल्टवर पुढे टाकते. सगळे पिकअपचं बोलतात. पण अंगाला जास्त ताकद जाणवते ती थांबताना.

मोकळ्या सरळ पट्ट्यावर गृहस्थांनी मागे बघितलं, कोणी नव्हतं, आणि हाताने जोरात दाबायची खूण केली. मी दाबला. सीटबेल्ट खांद्यात रुतला. नाक खाली आपटेल, मागचा भाग हलेल, टायर किंचाळतील, यातलं काही झालं नाही. गाडी चारही पायांवर खाली बसल्यासारखी थांबली. नंतर एका चौकात मी तोच ब्रेक अगदी हलका वापरून बघितला, तांब्या ठेवल्यासारखा. पाणी सांडलं नसतं.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. त्यांनी वेग विचारला नाही. ‘थांबते कशी?’ एवढंच विचारलं.

वळणावर काय फरक पडतो? रस्त्याला चिकटून जाते म्हणतात.

‘चिकटून’ हा शब्द पुरा पडत नाही. खरा फरक वळणाच्या सुरुवातीला असतो.

खांद्यावर कावड घेऊन चालणारा माणूस आठवा. दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी. तो वळायला लागला की घागरी लगेच वळत नाहीत, आणि वळल्या की थांबत नाहीत. तेवढंच पाणी कमरेवरच्या एका घागरीत असेल तर माणूस चटकन वळतो. पुढे इंजिन असलेली गाडी म्हणजे टोकाला घागर. ४५८ मध्ये ती घागर कमरेला, तुमच्या पाठीमागे आहे. वजनाची वाटणी पुढे ४२ टक्के, मागे ५८. स्टिअरिंग जरा हलवलं की नाक तिथे गेलेलं असतं. पहिल्या वळणावर मी सवयीने जास्त फिरवलं आणि गाडी मला हव्या त्या जागेच्या आत गेली. घाबरून परत सोडलं. तिसऱ्या वळणापर्यंत कळलं की मनगटच पुरतं, हात उचलून दुसरीकडे धरायची गरज नाही.

मारानेलोहून दक्षिणेला सेर्रामाझ्झोनीकडे रस्ता टेकड्यांत चढतो. आमच्या कोयनेच्या बाजूच्या रस्त्यांची आठवण आली, फक्त इथे डांबर गुळगुळीत आणि कडेला द्राक्षांचे मळे. त्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पन्नास-साठच्या वेगाने, मला त्या दिवसातला सगळ्यात मोठा आनंद मिळाला. स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत हाताला कळत होता. कुठे डांबर नवं आहे, कुठे बारीक खडी सुटली आहे, ते डोळ्यांआधी तळव्याला. मदतीला तेलाचा दाब वापरणारं जुन्या पद्धतीचं स्टिअरिंग आहे हे. आता बहुतेक गाड्यांत विजेची मोटर असते, त्यात हे बोलणं कमी होतं.

क्लच नाही, गिअरचा दांडा नाही. मग चालवल्याचं समाधान मिळतं का?

गिअरबॉक्सवर पोट असल्यामुळे हा प्रश्न माझाही होता. ४५८ मॅन्युअल गिअरमध्ये आलीच नाही. आत दोन क्लच आहेत. एकाकडे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. दुसऱ्या गिअरमध्ये असता तेव्हा तिसरा आधीच जोडून तयार असतो. स्टिअरिंगमागची उजवी पट्टी ओढली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. मध्ये ताकद तुटत नाही. डावी पट्टी ओढली की खालचा गिअर, आणि इंजिन स्वतःच फेऱ्या वाढवून जुळवून घेतं. दोन्ही पट्ट्या एकत्र ओढल्या की न्यूट्रल.

समाधान मिळतं का? मिळतं, पण वेगळं. क्लच आणि गिअर जुळवण्याचं कौशल्य इथे कामाला येत नाही, आणि मला ते आवडतं, त्यामुळे त्याची आठवण आली हे खरं. त्या जागी सगळं लक्ष ब्रेक कुठे सोडायचा आणि कुठे वळायचं याकडे जातं. एक जोडणी करणारी म्हणून मात्र मी त्या गिअरबॉक्सपुढे हात जोडते. इतक्या बारीक वेळेत दोन क्लचची अदलाबदल होते आणि बसणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

आवाज खरंच तसा असतो का?

व्हिडिओत येतो तो आवाज अर्धाच आहे. उरलेला पाठीतून येतो.

कमी फेऱ्यांवर गाडी घोगरी आणि जरा खडबडीत बोलते. मग सायलेन्सरमधल्या झडपा उघडतात आणि आवाज एकदम मोकळा होतो. सात हजारांच्या पुढे तो किंचाळण्याच्या जवळ जातो, पण फाटत नाही. या गाडीचं इंजिन व्ही-८, म्हणजे व्ही आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर. अमेरिकन व्ही-८ ची घरघर वेगळी का, असं एकाने विचारलं. कारण क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरती करणाऱ्या दांड्यात आहे. फेरारीच्या व्ही-८ मध्ये क्रँकचे आरे एका सपाट पातळीत असतात. त्यामुळे डावी-उजवी बाजू आळीपाळीने फुंकर मारते आणि सूर चढा, एकसारखा येतो. अमेरिकन पद्धतीत आरे काटकोनात असतात, एका बाजूचे दोन फुंकर लागोपाठ येतात आणि ती लय तुटक, खोल होते.

मध्यभागी व्ही-८ असलेल्या फेरारींमध्ये टर्बो नसलेली ही शेवटची पिढी. २०१५ मध्ये आलेल्या ४८८ पासून टर्बो आले. म्हणून दुकानात नवी गाडी उभी असताना मी जुनी निवडली, आणि त्याचा मला जरासुद्धा पश्चात्ताप नाही.

इलेक्ट्रिक गाड्या तर याहून लवकर शंभरला जातात. मग याचं काय कौतुक?

जातात. रिमाक नेवेरा दोन सेकंदांच्या आसपास जाते. २००९ ची ४५८ शर्यतीत तिच्यापुढे टिकणार नाही. आणि फेरारीने स्वतः २९६ जीटीबीमध्ये व्ही-६ ला विजेची मोटर जोडली. लँबोर्गिनीनेही हुराकानचं व्ही-१० थांबवून टेमेरारिओमध्ये हायब्रिड आणलं. काळ तिकडे चालला आहे आणि माझ्या कारखान्यातही तेच काम वाढतंय.

मला जे आवडलं ते सेकंदांत मोजता येत नाही. नेवेराचं वजन दोन टनांहून जास्त, ४५८ चं दीड टनाच्या आत. त्या हलकेपणामुळे ब्रेक आणि वळणं अशी बोलतात. हलकी इलेक्ट्रिक गाडी कुणी बनवली तर मी पहिल्या रांगेत उभी राहीन.

आपल्या रस्त्यांवर चालेल का?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा सावकाश चढ-उताराचा आहे. तसा असेल तर तिरकी घालून आणि नाक वर उचलणारी सोय असेल तर निघेल. आमच्या गावच्या शाळेसमोरचा मात्र मानकात बसत नाही.

खड्ड्यांचं उत्तर लोकांना पटत नाही, पण खरं आहे: ही गाडी मला वाटली होती त्यापेक्षा मऊ आहे. स्टिअरिंगवर खराब रस्त्यासाठी वेगळं बटण आहे. शॉक ॲब्सॉर्बरच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की तेल घट्ट होतं, कमी केलं की पातळ. एका जुन्या दगडी रस्त्यावर ते बटण दाबलं आणि कमरेला लागणारे दणके तिथल्या तिथे कमी झाले. आई रोज विचारते, पाठ दुखली का. नाही दुखली.

ॲव्हरेज किती देते?

कंपनीच्या आकड्यानुसार लिटरला साधारण साडेसात किलोमीटर. मी चालवली तशी चालवली तर त्याहून कमी. टाकी ८६ लिटरची.

फेरारीला आग लागते असं ऐकलंय.

ते या ४५८ बद्दलच आहे, २०१० सालचं. मागच्या चाकाच्या कमानीत उष्णता अडवणारा पत्रा चिकटद्रव्याने जोडला होता आणि ते तापल्यावर पेट घेऊ शकत होतं. कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि तिथे चिकटद्रव्याऐवजी यांत्रिक जोड बसवला. जोडणीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावं. इतक्या महागड्या यंत्रातही कमजोर दुवा एक साधा गोंद होता.

रस्त्यावर चालवावी की ट्रॅकवर?

पहिल्यांदा रस्त्यावर. गावातून, चौकातून, चढावरून ती कशी वागते ते बघा. दुसऱ्यांदा ट्रॅकवर. मोदेनाजवळ साधारण दोन किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथेही गाड्या चालवायला मिळतात. फिओरानोवर आपल्याला चालवता येत नाही. संग्रहालयाच्या बसमधून तो ट्रॅक आणि कारखान्याचा परिसर दाखवतात, फोटो काढू देत नाहीत. मी बसने गेले आणि मला ते आवडलं.

परत जाणार का? पुढच्या वेळी काय वेगळं करणार?

जाणार. सकाळची पहिली वेळ घेणार, दुपारी गावात गर्दी होते. ४५८ आणि ४८८ एकामागून एक चालवणार, म्हणजे टर्बोने नेमकं काय घेतलं आणि काय दिलं ते पायाला कळेल.

आणि आप्पांना नेणार. ४५८ मध्ये दोनच सीट, त्यातली एक शिकवणाऱ्याची, त्यामुळे ते बाहेरच राहिले असते. कॅलिफोर्निया मॉडेलला मागे दोन छोट्या सीट असतात. आप्पांची उंची पाच फूट तीन इंच, गुडघे जरा आखडून बसतील. मी विचारलं तर म्हणाले, पासपोर्ट काढायला कुठली कागदं लागतात ते बघ.